उन्हात तापून बंद पडणारी अँबेसेडर : दोष पेट्रोलचा की करंटचा?

दर्यापूरकर

नमस्कार. आमच्या घरी १९८६ सालची अँबेसेडर मार्क ४ आहे. वडील कापसाची अडत करत असत, तेव्हापासून ती अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी असते आणि आजही बाजार, दवाखाना, लग्नकार्य एवढ्यापुरती चालते. १४८९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन मूळचेच आहे. हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर एस.यू. प्रकारचा आहे, आणि पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला, कॅमशाफ्टवर चालणारा यांत्रिक पंप आहे. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात गाडीबद्दल तक्रार करण्यासारखे काही नसते, पण मार्च सरत आला की दोन त्रास सुरू होतात.

पहिला त्रास असा, की दर्यापूरहून अमरावतीकडे निघाल्यावर तासाभराच्या आत चालती गाडी अडखळू लागते, मिसिंग मारते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी ओढत नाही आणि शेवटी बंद पडते. सावलीत अर्धा-पाऊण तास उभी ठेवली, की जणू काही झालेच नव्हते अशा थाटात सुरू होते. दुसरा त्रास थांबल्यानंतरचा आहे. गाडी व्यवस्थित चालत आलेली असते, आपण दहा-पंधरा मिनिटांसाठी एखाद्या दुकानात जातो, आणि परत येऊन सेल्फ मारला तर इंजिन फिरत राहते पण पकडत नाही. याखेरीज पाण्याचा काटा उन्हाळ्यात नेहमीपेक्षा बराच वर असतो. लाल पट्ट्याला टेकत नाही, पण धाकधूक लावतो.

आमच्याकडील मिस्त्रींचे म्हणणे, "उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होते, तिले थंडी होऊ द्या, बाकी काही नाही." पंपावर आणि ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलवर ओला फडका टाकायचा त्यांचा उपाय लागूही पडतो. दिवाळीनंतर प्लग, पॉइंट (कॉइलचा करंट तोडणारे-जोडणारे संपर्क) आणि कॉइल नवी टाकून झाली आहे. आता पंप आणि कार्ब्युरेटर दोन्ही बदलून टाका, असा सल्ला मिळतो आहे. हे भाग आता सहज मिळत नाहीत आणि मिळाले तरी चांगले मिळतील याची खात्री नसते. म्हणून काहीही बदलण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे शोधण्याची पद्धत जाणकारांनी सांगावी, ही विनंती.

जुना_फिटर

दर्यापूरकर साहेब, तुम्ही दोन त्रास वेगवेगळे मांडलेत हे फार बरे केले, कारण ते बहुधा दोन वेगळे दोष आहेत आणि एकाच औषधाने दोन्ही जाणार नाहीत. आपल्या भागात उन्हाळ्यात जुनी गाडी बंद पडली की सगळा दोष व्हेपर लॉकच्या, म्हणजे नळीत अडकलेल्या पेट्रोलच्या वाफेच्या, माथी मारण्याची रीत आहे. माझ्या पाहण्यात त्यातल्या बऱ्याच गाड्यांना पेट्रोल व्यवस्थित येत असते. गेलेला असतो तो करंट. कॉइल आणि पॉइंटला जोडलेला कंडेन्सर हे दोन्ही भाग तापल्यावर दगा देतात आणि थंड झाल्यावर पूर्ववत होतात, त्यामुळे लक्षणे हुबेहूब पेट्रोलच्या वाफेसारखी दिसतात.

ओल्या फडक्याचा उपाय मी टाकाऊ मानत नाही, पण तो पंपावर आणि कॉइलवर एकाच वेळी टाकल्यामुळे त्यातून मिळू शकणारी माहिती वाया जाते. पुढच्या वेळी गाडी बंद पडली की फडका फक्त कॉइलवर गुंडाळा, दोन-तीन मिनिटे थांबा आणि सेल्फ मारा. इंजिन सुरू झाले तर पंपाला हात लावण्याचे कारण नाही. नाही झाले तर तोच फडका पंपावर आणि पंपापासून कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीवर टाकून पाहा. मात्र अर्धा तास जाऊ दिलात तर सगळेच थंड होते आणि काहीच कळत नाही; म्हणून ही तपासणी बंद पडल्या-पडल्याच झाली पाहिजे.

याहून खात्रीची पद्धत म्हणजे एक जादा प्लग गाडीत बाळगणे. इंजिन बंद पडताच एका सिलिंडरच्या प्लगची वायर काढून ती या जादा प्लगला लावा, प्लगचा लोखंडी भाग इंजिनच्या हेडला नीट टेकवून ठेवा आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. वायर उघड्या हाताने धरू नका. जाड कोरड्या कापडाने किंवा लाकडी चिमट्याने धरा. ठिणगी निळसर, जाड आणि "चट् चट्" आवाज करणारी असेल तर करंट ठीक आहे. ती पिवळी, बारीक किंवा मध्येच गायब होणारी असेल तर दोष पेट्रोलमध्ये शोधू नका. भर उन्हात ठिणगीचा रंग दिसत नाही, तेव्हा बोनटखाली सावली करूनच पाहा.

ठिणगी चांगली असेल तरच पेट्रोलकडे वळावे. त्यासाठी आधी कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरकडे (प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाकडे) येणारी बारीक वायर सोडवून ठेवा, म्हणजे तपासणी चालू असताना ठिणगी पडणार नाही. मग कार्ब्युरेटरची पेट्रोल नळी काढून बाटलीत सोडा आणि सेल्फ मारा. पंप धड असेल तर पेट्रोल ठोक्या-ठोक्याने जोरात पडते. नुसते बुडबुडे आले किंवा फुसफुसून थोडेसे आले, तर वाफ धरली आहे किंवा कोठून तरी हवा ओढली जाते आहे. इंजिन तापलेले असते आणि खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर बाहेर नेणारा नळ) असतो, त्यामुळे पेट्रोल सांडू देऊ नका आणि वाळूची बादली किंवा अग्निशामक जवळ असल्याशिवाय हे करू नका.

या सगळ्याच्याही आधी एक फुकटची तपासणी आहे. गाडी बंद पडली की पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर झाकणाचे हवेचे भोक धुळीने बुजलेले आहे. आपल्याकडच्या रस्त्यांवरच्या धुळीत हे घडते, आणि लोक पंप बदलत बसतात.

आणखी एक प्रश्न. दिवाळीनंतर टाकलेली कॉइल कोणती आहे? तिच्यावर काही लिहिलेले असल्यास कळवा, आणि मल्टिमीटर असेल तर दोन छोट्या टोकांमधला रोध मोजून सांगा. वायरी सोडवून मोजा.

खारपाणपट्टा

मी अकोट भागातला आहे. करंट आणि पेट्रोलबद्दल वरती उत्तम लिहिले आहे, म्हणून मी फक्त पाण्याच्या काट्याबद्दल लिहितो, कारण दर्यापूर म्हटले की मला आधी पाणीच आठवते. पूर्णेच्या खोऱ्यातला आपला सगळा पट्टा, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांचा हा भाग, खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. विहिरीचे किंवा बोअरचे जे पाणी आपण पिऊ शकत नाही, तेच वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले जाते. पाणी उकळते, वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात, आणि आपण पुन्हा तेच पाणी वर भरतो. परिणामी रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये आणि इंजिनच्या ब्लॉकमध्ये पांढरा थर धरतो. लोखंडी ब्लॉकमध्ये त्याला गंजाचा गाळ मिळतो, आणि ते मिश्रण वाळले की सिमेंटला ऐकत नाही.

तपासणी सोपी आहे. गाडी तापवून बंद करा, पंखा पूर्ण थांबू द्या आणि रेडिएटरच्या जाळीवर समोरून तळहात फिरवा. न टेकवता, अगदी जवळून. वरच्या भागात भगभग जाणवते आणि खाली किंवा कडेला काही पट्टे चक्क थंड लागतात, तर त्या पट्ट्यांतल्या नळ्या बंद आहेत. अशा रेडिएटरला नुसते पाणी मारून उपयोग नाही. पितळी-तांब्याचा मूळ रेडिएटर असेल तर वरची टाकी काढून नळ्यांतून सळई मारून घेतात, ज्याला कारागीर रॉडिंग म्हणतात. हे काम करणारे अकोला-अमरावतीत अजून आहेत. मूळ रेडिएटर भंगारात देऊन हलका, पातळ जाळीचा नवा बसवू नका.

ब्लॉकच्या मागच्या बाजूला पाणी सोडण्याची एक छोटी तोटी असते, तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. इंजिन थंड असताना ती उघडा. पाणी आलेच नाही, तर घाबरू नका. तोटी पूर्ण काढून भोकात जाड तार घालून ढवळा. आधी तपकिरी चिखल ठिबकतो, मग अचानक धार लागते. हा चिखल शेवटच्या सिलिंडरभोवती साचतो, आणि पुढचा काटा जेवढी उष्णता दाखवतो त्याहून अधिक उष्णता मागच्या सिलिंडरला सोसावी लागते. थर फार असेल तर गरम पाण्यात लिंबूसत्त्व मिसळून भरावे, थोडा वेळ इंजिन चालवावे आणि स्वच्छ पाण्याने वारंवार धुवावे. संडास धुण्याचे अ‍ॅसिड रेडिएटरमध्ये ओतण्याचा सल्ला देणारे आपल्याकडे पुष्कळ भेटतात. त्याने थराबरोबर डाग दिलेले सांधेही जातात.

यापुढे रेडिएटरला गावातल्या आरओ यंत्राचे किंवा मृगाच्या पावसात पत्र्यावरून धरलेले पाणी घाला आणि त्यात साधारण एक तृतीयांश कूलंट मिसळा. आपल्याकडे पाणी गोठण्याचा प्रश्न नाही, पण कूलंटमुळे गंज थांबतो आणि उकळबिंदूही थोडा वर जातो. झाकणाची स्प्रिंग आणि रबरही पाहा. झाकण दाब धरत असेल तर दाबाच्या दर एका पीएसआयमागे पाण्याचा उकळबिंदू सुमारे दीड अंशाने वाढतो. ढिले झाकण असेल तर पाणी लवकर उकळून बाहेर जाते.

थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून फेकला असेल तर तेही सांगा. उन्हाळ्यासाठी तो काढण्याची आपल्याकडे फॅशन आहे, पण त्याने चोंदलेल्या रेडिएटरचा प्रश्न सुटत नाही; हिवाळ्यात मात्र इंजिन हवे तेवढे तापत नाही आणि तेलात ओलावा राहतो.

दर्यापूरकर

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासले, ते क्रमाने लिहितो.

अमरावतीच्या वाटेवर गाडी नेहमीप्रमाणे बंद पडली, तेव्हा प्रथम टाकीचे झाकण उघडले; आवाज आला नाही. जादा प्लग लावून पाहिला, तर ठिणगी पिवळसर होती आणि तीही मध्येच पडत नव्हती. केवळ कॉइलवर ओला फडका गुंडाळला, आणि काही मिनिटांत गाडी सुरू झाली. पंपाला हातही लावला नव्हता. कॉइलला त्याआधी बोट लावून पाहिले होते, ते टेकवून ठेवता येत नव्हते. घरी आल्यावर मोजले तर कॉइलचा रोध १.५ ओहमच्या आसपास आला. तिच्यावर इंग्रजीत "बॅलास्टसह वापरा" अशा अर्थाचे लिहिलेले आहे. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंटही उघडून पाहिले; एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी अशी त्यांची स्थिती झाली आहे.

रेडिएटरचा खालचा उजवा भाग थंड लागतो. ब्लॉकची तोटी उघडल्यावर काहीही आले नाही; तार घालून ढवळल्यावर गाळ आला. थर्मोस्टॅट जागेवर आहे.

जुना_फिटर

मग पहिल्या त्रासाचे उत्तर तुम्हीच शोधले आहे. तुमच्या गाडीच्या मूळ रचनेत कॉइलला थेट १२ व्होल्ट मिळतात, आणि त्यासाठी सुमारे ३ ओहम रोधाची कॉइल लागते. १२ भागिले ३ म्हणजे ४ अँपिअर. दुकानदाराने दिलेली दीड ओहमची कॉइल बाहेर वेगळा बॅलास्ट रोध लावण्यासाठी बनवलेली असते. तो रोध नसताना ती थेट जोडली, तर पॉइंट मिटलेले असताना तिच्यातून ८ अँपिअरपर्यंत प्रवाह जातो. हिवाळ्यात ती तग धरते, मे महिन्यात ४५ अंशांच्या हवेत आणि बोनटखालच्या उष्णतेत ती भाजून निघते, आणि सोबत पॉइंटही जाळते. कॉइल नवी आहे म्हणून तिच्यावर कोणी संशय घेत नाही, हीच यातली गोम आहे.

३ ओहमची कॉइल टाका. पॉइंट बदला आणि कंडेन्सरही बदला, कारण पॉइंटवर असा खड्डा-टेकडी तयार होण्यामागे कंडेन्सरचाही हात असू शकतो. तो साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा असतो. नव्या वस्तूंपैकी सर्वांत बेभरवशाची वस्तू हल्ली कंडेन्सरच आहे, म्हणून जुना चालू असेल तर तो फेकू नका, डिकीत ठेवा. लुकास डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मि.मी. ठेवा आणि प्लगची ०.६३ मि.मी. पॉइंटची गॅप बदलली की ठिणगी पडण्याचे टायमिंगही सरकते, तेव्हा टायमिंग त्यानंतरच लावा, आधी नाही. टायमिंग मागे राहिले तर जळणारी उष्णता एक्झॉस्टकडे जाते आणि काटा उगाच चढतो. डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून पाहा. आतला डायफ्रॅम (लवचिक पडदा) फाटला असेल तर ओढ लागत नाही.

थांबल्यानंतर सुरू न होणे हा दुसरा त्रास कॉइल बदलून कदाचित कमी होईल, पण पूर्ण जाईल असे मला वाटत नाही. या इंजिनमध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत आणि कार्ब्युरेटर त्यांच्या अंगावरच बसतो. गाडी चालू असताना पंखा आणि येणारे गार पेट्रोल त्याला थंड ठेवतात. बंद केली की दोन्ही थांबते आणि खालची उष्णता वर चढते. कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळून आत उतरते. अशा वेळी एक प्लग काढून पाहा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले आहे. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, चोक ओढू नका आणि सेल्फ मारा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचतच नाही.

चारचाकी_वणी

थोडे वेगळे मत मांडतो. दुसऱ्या त्रासावर माझ्या ओळखीत अनेकांनी टाकीजवळ १२ व्होल्टचा विद्युत पंप बसवून घेतला आहे आणि ते समाधानी आहेत. पंप मागून ढकलतो, त्यामुळे नळीत दाब राहतो आणि वाफ सहजी धरत नाही. इंजिनवरचा पंप पेट्रोल ओढतो, आणि ओढण्याच्या बाजूला दाब कमी असल्यामुळे वाफ तिकडेच लवकर तयार होते. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये तर हा प्रश्न अधिकच जाणवतो.

जुना_फिटर

विद्युत पंपाला माझा तात्त्विक विरोध नाही, पण तो शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे. एस.यू.च्या वाटीत येणारे पेट्रोल अडवणारी सुई ३ पीएसआयच्या आसपासचाच दाब सोसते. आजकालच्या इंजेक्शनच्या गाडीचा पंप कोणी स्वस्तात आणून लावला, तर तो सुईला न जुमानता वाटी भरून वाहवील, आणि ते पेट्रोल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडेल. शिवाय अपघातात इंजिन बंद झाले तरी पंप चालू राहू नये म्हणून वेगळा कटऑफ स्विच लागतो, आणि तो बसवलेली गाडी मला क्वचितच दिसते.

इथेनॉलबद्दल मात्र वणीकरांचे बरोबर आहे, आणि मी ते आधीच लिहायला हवे होते, इतके ते महत्त्वाचे आहे. जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा जुना डायफ्रॅम यांना ते मानवत नाही. ते फुगतात, मऊ पडतात किंवा भेगाळतात. नळीला भेग पडली की पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो, आणि लक्षणे पुन्हा वाफेसारखीच. म्हणून सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या, आतून व्हिटॉनचा थर असलेल्या घ्या आणि पंपाचा डायफ्रॅमही तसाच मागा. टाकीतला जुना गंज आणि राळही इथेनॉल सोडवून पुढे ढकलते, तेव्हा पारदर्शक फिल्टर लावा आणि सुरुवातीला तो वरचेवर बदला. त्यात बुडबुडे फिरताना दिसले, तर हवा ओढली जात असल्याचे डोळ्यांनीच कळेल. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल कमी ठेवू नका; मोकळ्या जागेतल्या हवेतला ओलावा इथेनॉल शोषून घेते.

एक धोक्याची सूचना. पंपाचा डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल थेट इंजिनच्या तेलात उतरते. ऑइलची पट्टी काढून वास घ्या; पेट्रोलचा वास आला किंवा तेल पाण्यासारखे पातळ लागले, तर तेल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नका, बेअरिंग जातील.

उष्णतेवरचा साधा उपाय म्हणजे कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये असलेला पत्र्याचा पडदा आणि उष्णता अडवणारा फेनॉलिकचा जाड ठोकळा जागेवर आहेत का, हे पाहणे. कोणीतरी काम करताना ते काढतो आणि "याच्याविना चालते" म्हणून बाजूला ठेवतो. पेट्रोलची नळी एक्झॉस्टला घासून जात असेल तर ती दूर वळवा. थांबण्यापूर्वी मिनिटभर इंजिन हळू चालू द्या, आणि थोड्याच वेळात निघायचे असेल तर बोनट उघडे ठेवून जा.

दर्यापूरकर

३ ओहमची कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर बदलून टायमिंग लावले. भर दुपारी अमरावतीला जाऊन आलो. चालत्या गाडीत मिसिंग आली नाही आणि गाडी बंदही पडली नाही. कॉइल गरम होते, पण हात टेकवता येतो. पत्र्याचा पडदा आमच्या गाडीत नव्हताच. जुन्या सामानाच्या पेटीत तो सापडला, ठोकळा मात्र मिळाला नाही. पडदा बसवला आहे आणि रबरी नळ्या बदलल्या आहेत. थांबल्यावर सुरू होण्यास अजून थोडा वेळ लागतो, आणि तेव्हा काढलेला प्लग ओला होता. रेडिएटर रॉडिंगसाठी अकोल्याला दिला आहे.

जुना_फिटर

प्लग ओला आहे, म्हणजे वाटीतले पेट्रोलच उकळून उतरते आहे; पंप तसाच राहू द्या. ठोकळा शोधताना जाडीकडे लक्ष द्या आणि दोन्ही बाजूंना नवे गॅस्केट घाला, नाहीतर तेथून हवा ओढली जाईल. कार्ब्युरेटरची सुई आणि वाटीतली पातळीही एकदा तपासा. पातळी वर असेल तर थोडीशी उष्णताही पुरते. आणि हवेचा फिल्टर काढाल तेव्हा एस.यू.च्या वरच्या घुमटातला पिस्टन बोटाने पूर्ण उचलून सोडा. तो मोकळेपणाने खाली येऊन "टक" असा स्पष्ट आवाज झाला पाहिजे. अडकत उतरला तर घुमट उघडून आतून स्वच्छ करा, पण घुमट आणि पिस्टन पॉलिश पेपरने घासू नका. रेडिएटर परत आला की काटा कोठे थांबतो ते येथे लिहा, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या हेड गॅस्केटकडे पाहायचे की नाही ते ठरवता येईल.